बियांपासून वाढवलेला निफोफिया

निफोफियाचे गड्डे विकत मिळतात. एक गड्डा लावला की पुढच्याच हंगामात फूल दिसू शकतं. तरीही मी बिया पेरल्या, आणि पुन्हा ठरवायची वेळ आली तरी बियाच पेरीन. रेड हॉट पोकर किंवा टॉर्च लिली म्हणून ह्या झाडाचे फोटो सगळीकडे दिसतात. पानांच्या झुपक्यातून सरळसोट उठलेला दांडा, टोकाला लटकत्या नळ्यांचा दाट तुरा, वरचं अंग लाल, खालचं पिवळं. फोटोत तेवढंच असतं. दांडा वर्षातले काही आठवडे दिसतो, बाकीचे सगळे महिने हे झाड काय करत असतं ह्याची मला उत्सुकता होती. ती भागवायची तर पहिल्या पानापासून त्याच्यासोबत राहायला हवं होतं.

माझ्याकडे दोन पाकिटं होती. एकात बागेतल्या संकरित झाडांच्या मिसळलेल्या बिया, दुसऱ्यात निफोफिया कॉलेसेन्स ह्या मूळ रानटी प्रजातीच्या. बी बारीक, काळपट, कोनेदार. दोन्ही पाकिटांतलं बी शेजारी शेजारी ठेवलं तर फरक सांगता येऊ नये इतकं सारखं. पण दोघांना वेगवेगळं वागवावं लागतं, आणि ते का, हे कळण्यासाठी मला आधी त्यांच्या मूळ मुलखाचा अभ्यास करावा लागला.

निफोफियाच्या सुमारे ७० प्रजाती आहेत आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक दक्षिण आफ्रिकेत. बाकीच्या पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ पट्ट्यातून इथिओपियापर्यंत पसरलेल्या, काही मादागास्करात आणि एक समुद्र ओलांडून येमेनमध्ये. लिनियसने १७५३ मध्ये ह्यांतल्या एका प्रजातीची नोंद केली तेव्हा तिला थेट कोरफडीच्या वंशात, म्हणजे जवळच्या प्रजातींच्या गटात, बसवलं होतं. ते उगाच नव्हतं. आजही दोघींचं कुळ एकच मानलं जातं, आणि कोरफडीचा फुलोरा ज्याने जवळून पाहिला आहे त्याला नातं लगेच पटेल. पण कोरफडीची पानं मांसल, पाणी साठवणारी. ह्याची गवतासारखी लांब, मधोमध घडी पडलेली. गुणसूत्रंही वेगळी, कोरफडीत १४ तर ह्यात १२. कॉनराड म्योंख ह्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १७९४ मध्ये ह्यांचा वेगळा वंश करायला हवा हे ओळखलं आणि एरफुर्टचे वैद्य व वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक योहान हिएरोनिमस क्निफोफ ह्यांचं नाव त्याला दिलं. हे क्निफोफ खऱ्या वनस्पतीलाच शाई लावून कागदावर तिचा ठसा उमटवायचे. पानाची शीर न् शीर त्यात उतरायची. पानाकडे इतक्या बारकाईने बघणाऱ्या माणसाचं नाव ह्या झाडाला मिळालं, ह्याचा मला मनापासून आनंद आहे.

कॉलेसेन्सचं घर म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या ड्रेकेन्सबर्ग डोंगररांगेचा माथा आणि लगतच्या लेसोथो देशाचे उंच डोंगर. तिथे पाऊस उन्हाळ्यात पडतो. त्या दिवसांत उतारांवरून पाणी झिरपत असतं, धुकं असतं, मुळं भिजलेली असतात. हिवाळा मात्र कडाक्याचा थंड आणि कोरडा. बर्फही पडतो. बी हिवाळ्याच्या तोंडावर पिकून गळतं आणि रुजण्याआधी त्याला तो हिवाळा काढावा लागतो. म्हणून ह्या बिया मी ओलसर वाळूत मिसळून, झाकणाच्या डब्यात घालून काही आठवडे फ्रीजमध्ये ठेवल्या. संकरित बियांना त्याची तेवढी गरज नसते. त्या सरळ ट्रेमध्ये पेरल्या.

पेरणीचं काम सोपं आहे. कोकोपीट आणि भरड वाळू निम्मी निम्मी, वर बी पसरायचं, आणि बी जेमतेम झाकलं जाईल एवढाच बारीक खडीचा थर द्यायचा. पाणी वरून ओतायचं नाही. ट्रे उथळ पाण्यात ठेवायचा आणि माती खालून भिजू द्यायची. ऊब २० अंशांच्या आसपास राहिली की पुरे. ह्यापुढे लागतो तो फक्त धीर, कारण हे बी एका दमात रुजत नाही. साधारण तीन ते सहा आठवडे लागतात आणि काही दाणे त्यानंतरही वर येत राहतात. ट्रे रिकामा करायची घाई करू नये.

उगवतं ते हुबेहूब गवत. एकेकच बारीक हिरवं पातं. खडीत उडून आलेलं खरं गवतही उगवतंच, आणि काय उपटायचं काय ठेवायचं हे ठरवायला मी शेवटी हाताचा आधार घेतला. गवताचं पातं सपाट असतं, निफोफियाचं पान दुसऱ्या-तिसऱ्या पानापासूनच मधोमध दुमडलेलं, खालच्या बाजूला कणा असलेलं लागतं. दोन बोटांत धरून फिरवलं की तो कणा जाणवतो. पुढे पान मोठं झालं की बऱ्याच प्रजातींत कडेला बारीक दातेही येतात, टोकाकडून खाली बोट फिरवलं तर ते अडतात. ही ओळख मला फार उपयोगी पडली. पुढच्या दोन वर्षांत वाफ्यातल्या गवतातून रोपं शोधताना मी डोळ्यांपेक्षा बोटांवर जास्त भरवसा ठेवला.

रोपांना चार-पाच पानं आली तेव्हा एकेक वेगळ्या कुंडीत हलवलं, आणि मुळं पहिल्यांदा नीट बघायला मिळाली. वर केसासारखी बारीक पानं आणि खाली त्यांच्या मानाने कितीतरी जाड, रसरशीत मुळं. ह्या झाडाचा सगळा जोर आधी खाली जातो. मोठ्या झाडात जमिनीखालचं जाडसर खोड आणि त्याला फुटलेली अशी मांसल मुळं असतात, आणि ह्या मुळांत रसायनंही काही कमी नाहीत. इथिओपियातल्या निफोफिया फोलिओसाच्या मुळांतून १९८४ मध्ये निफोलोन नावाचं रंगद्रव्य वेगळं करण्यात आलं आणि पुढे मलेरियाच्या परजीवींवर त्याचा काय परिणाम होतो ह्याचा प्रयोगशाळांत अभ्यास झाला.

पहिल्या वर्षी करण्यासारखं फारसं नसतं. कुंडी सरळ उन्हात, पाणी नियमित, खत हलकं. रोपं भराभर वाढत नाहीत पण खंडही पडत नाही. शेवटाला माझ्या संकरित रोपांची पानं हातभर झाली होती, कॉलेसेन्सची त्याच्या निम्मी, पण रंगाने वेगळी, निळसर राखाडी झाक असलेली. मग ती जमिनीत गेली.

जागा निवडताना मला सगळ्यात जास्त विचार करावा लागला, आणि ह्या झाडाबद्दल मला एकच गोष्ट सांगायची परवानगी असती तर मी इथली सांगितली असती. निफोफियाला कोरडी जागा हवी असं एकीकडे सांगतात, तर दुसरीकडे वाचायला मिळतं की तो रानात झऱ्यांच्या काठी, दलदलीत, ओल्या गवताळ उतारांवर वाढतो. दोन्ही खरं आहे. त्याला पाणी किती द्यायचं हा प्रश्नच अपुरा आहे. पाणी कधी द्यायचं हे विचारायला हवं. वाढीच्या आणि फुलायच्या दिवसांत तो भरपूर पाणी पितो. तेव्हा तहानलेला राहिला तर दांडे आखूड येतात किंवा कळ्या नुसत्याच वाळतात. पण थंडीत, वाढ थांबलेली असताना, पानं जिथून फुटतात त्या बुडख्यात पाणी साचून राहिलं तर तो कुजतो. थंडीने मरणाऱ्या निफोफियांपेक्षा थंडीतल्या ओलीने मरणारे निफोफिया जास्त. कॉलेसेन्स बर्फ सोसतो तो कोरड्या बर्फाळ डोंगरात. दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातला निफोफिया उव्हारिया तर हिवाळी पावसाच्या मुलखातही राहतो. बागेतल्या अनेक संकरांच्या पूर्वजांत तो आहे, म्हणून संकर थोडे अधिक सोशिक. तरी नियम तोच.

माझ्या बागेत हिवाळा ओला असतो. म्हणून मी किंचित उताराची जागा घेतली, माती दोन फूट खोल मोकळी करून त्यात खडी आणि पालापाचोळ्याचं खत मिसळलं, आणि बुडखा जमिनीच्या पातळीखाली पाचेक सेंटिमीटरच राहील अशी रोपं लावली. उताराने निचरा आपोआप होतो, खतामुळे उन्हाळ्यात ओल टिकते. दोन रोपांत दोन हात अंतर ठेवलं. सुरुवातीला ते अंतर फार वाटतं, पण हे झाड एका जागी वर्षानुवर्षं राहतं आणि त्याला हलवलेलं आवडत नाही.

थंडीच्या तोंडावर पानं बांधायची पद्धत आहे ती मी पाळली. सगळी पानं दोन्ही हातांनी गोळा करून वर उचलायची आणि सुताच्या दोरीने बांधायची. पानांचं छप्पर होतं आणि पाऊस बुडख्यात न जाता बाहेर ओघळतो. पानं कापायची नाहीत. कापलेल्या पानांच्या पोकळीतून पाणी थेट आत उतरतं. कापणी करायची ती हिवाळा सरल्यावर, नवी पाती वर येताना. जुनं जाळं काढलं की उजेड आत पोचतो, शिवाय पानांच्या बेचक्यांत दडलेल्या गोगलगायीही हाती लागतात, आणि त्या तिथे फार असतात! मूळ मुलखात हे काम वणवा करतो. हिवाळ्याअखेर वाळलेलं गवत जळून जातं, जमिनीखालचं खोड सुरक्षित राहतं आणि बऱ्याच प्रजाती त्यानंतर जोमाने फुलतात. जुनी पानं काढून झाली की उघडा पडलेला बुडखा बघताना मला नेहमी त्या काळ्या झालेल्या उतारांची आठवण येते, जे मी प्रत्यक्ष कधी पाहिले नाहीत.

दुसरं वर्ष पानांचंच गेलं. काही संकरित रोपं दुसऱ्याच वर्षी फुलतात, माझी नाही फुलली. मला त्याचं वाईट वाटलं नाही, कारण झुपके दाट होत होते, बाजूने फुटवे येत होते. कॉलेसेन्सची दोन रोपं त्या हिवाळ्यात गेली. उरलेल्यांचं खोड जमिनीवर दिसू लागलं, आखूड, जाड, टोकाला पानांचा गुच्छ घेतलेलं. ह्या प्रजातीत ते पुढे आडवं पडून जमिनीसरशी सरकत जातं, आणि रानात त्यांचे मोठमोठे ताटवे होतात. लेसोथोतले बसोथो लोक विजेपासून रक्षण व्हावं म्हणून हे झाड घराजवळ लावतात, असं वाचलं आहे. ढगांच्या इतक्या जवळ राहणाऱ्या झाडाशी माणसांनी विजेचं नातं जोडावं हे मला अगदी स्वाभाविक वाटतं.

तिसऱ्या वर्षी, पावसाळी हवेच्या एका सकाळी, एका संकरित झुपक्याच्या पार तळाशी मला बोटाएवढी कळी दिसली. कळी म्हणजे अख्खा फुलोरा मिटलेला, हिरवट, चपट्या खवल्यांनी झाकलेला. तिथून पुढे दांडा ज्या वेगाने चढतो तो बघण्यासारखा असतो. रोज सकाळी तो आदल्या दिवसापेक्षा उघडच उंच असायचा. आधी सगळ्या कळ्या वरच्या दिशेने चिकटून असतात. मग खालच्या ओळी बाहेर वळतात, खाली झुकतात, फुगतात आणि लाल होतात.

लाल आणि पिवळा हे ह्या फुलांचे दोन वेगवेगळे रंग नव्हेत. एकाच फुलाची ती दोन वयं आहेत. कळी असताना नळी लाल असते. उमलता उमलता तिचा लाल उतरत जातो आणि पिवळा उरतो. फुलं खालून वर उमलत जातात म्हणून पिवळा पट्टा रोज थोडा वर सरकतो आणि लाल टोपी लहान होत जाते. मी एका कळीच्या देठाला बारीक दोरा बांधून ठेवला होता. लाल, मग शेंदरी, मग टोकाकडून पिवळी, मग पूर्ण पिवळी, मग तपकिरी होऊन लोंबलेली, असा तिचा सगळा प्रवास त्या दोऱ्यामुळे मला सलग बघता आला. सगळ्या प्रजातींत हा दुरंगी खेळ नसतो. काही पूर्ण पिवळ्या आहेत, काही पांढरट, आणि निफोफिया टायफॉइडिसचा तुरा तर तपकिरी असून त्याला गोड वास येतो. पूर्व आफ्रिकेतल्या निफोफिया थॉमसोनीची फुलं दांड्यावर इतकी विरळ लटकतात की पोकर म्हणून तो ओळखूच येत नाही.

फूल जवळून बघायचं तर भिंग घ्यावं. नळीच्या तोंडाला सहा लहान पाकळ्या, आत सहा पुंकेसर. बऱ्याच प्रजातींत पुंकेसर आधी नळीबाहेर डोकावतात, पराग सांडला की पुन्हा आत ओढले जातात. मी तो दोरा बांधलेल्या फुलावर हे होताना पाहिलं आणि दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. नळीच्या तळाशी मकरंद असतो, आणि भरपूर. पिकलेला दांडा सकाळी हलवला तर थेंब गळतात. हा मकरंद मुळात पक्ष्यांसाठी आहे. दक्षिण आफ्रिकेत लांब, वाकड्या चोचीचा मॅलाकाइट शिंजीर निफोफियाच्या अनेक फुलांवर येतो. दांडा जाड आणि ताठ असतो, त्यामुळे पक्ष्याला त्यावरच बसून खालच्या फुलांत चोच घालता येते. कॉलेसेन्सवर मात्र आखूड चोचीचे, एरवी किडे-दाणे खाणारे पक्षीही मकरंदासाठी येतात असं अभ्यासकांना आढळलं आहे. माझ्याकडे आल्या त्या मधमाश्या. नळीत पूर्ण शिरून, पाठीवर पराग घेऊन उलट्या पावली बाहेर यायच्या.

त्या वर्षी बाकीचे संकरही फुलले आणि प्रत्येकाने वेगळं तोंड दाखवलं. एक ठरलेला लाल-पिवळा, एक पोवळ्याच्या रंगाचा, एक पूर्ण लिंबू पिवळा, आणि एक असा की कळ्या हिरवट आणि फुलं साईच्या रंगाची. निफोफियाच्या प्रजातींत आपसांत सहज संकर होतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीत बाडेन-बाडेनला माक्स लाइख्टलिन ह्या बागकामतज्ज्ञाने ह्याच गुणाचा उपयोग करून पुष्कळ वाण तयार केले. 'लिटल मेड' हा बुटका, साईरंगी, अगदी बारीक पानांचा प्रसिद्ध वाण इंग्लंडमध्ये बेथ चॅटो ह्या बागकामतज्ज्ञ बाईंनी रोपांतून निवडला. बियांपासून वाढवण्याचं खरं सुख मला इथेच वाटतं. माझा हिरव्या कळ्यांचा निफोफिया जगात दुसरीकडे कुठेच नाही. उलट बाजू अशी की त्याचं बी पेरलं तर तो परत मिळणार नाही. आवडलेला वाण जपायचा असेल तर गड्डाच फोडावा लागतो.

कॉलेसेन्स सगळ्यांत शेवटी फुलला, आणखी एका वर्षानंतर, उन्हाळा उतरताना. आखूड दांडा, दाट तुरा, कळ्या गुलाबी-लाल आणि उमललेली फुलं फिकट, हिरवट पिवळी. राखाडी पानांवर तो रंग इतका मृदू दिसतो की बाकीचे निफोफिया त्याच्यापुढे मला भडक वाटू लागले. हे माझं वैयक्तिक मत आहे, पण ठाम आहे.

फुलं गळल्यावर दांड्यावर तीन कप्प्यांची लहान बोंडं धरतात. मी हव्या तेवढ्या बियांपुरता एकेक दांडा ठेवला, बाकीचे बोंडं पिकण्याआधीच कापले. उव्हारिया आणि त्याचे संकर बागेतून पळून ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागात आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर रानात माजले आहेत, तण म्हणून ते काढावे लागतात. दुसरीकडे ह्याच वंशातले काही जण आपल्याच घरात संपत चालले आहेत. दक्षिण आफ्रिकेतल्या रिचर्ड्स बे ह्या बंदराजवळच्या ओल्या जमिनीत वाढणारा पांढऱ्या फुलांचा निफोफिया ल्यूकोसेफाला अतिसंकटग्रस्त आहे. पाणथळ जागा आटल्या, गवताळ रानांत लाकडासाठी झाडांच्या लागवडी झाल्या की निफोफियाला जागा उरत नाही. म्हणून रानातून आणलेला गड्डा कोणी देऊ केला तरी घेऊ नये. बी घ्यावं, तेही बागेत धरलेलं.

हिरव्या कळ्यांचा झुपका यंदा हिवाळा सरल्यावर मी फोडला. जमीन ओली असताना चहूबाजूंनी खोल खणून अख्खा गड्डा वर काढला आणि माती झटकून हातांनीच फुटवे सुटे केले. जिथे जोड घट्ट होता तिथे धारदार सुरी चालवली. फुटव्याला स्वतःची दोन-तीन तरी जाड मुळं असली पाहिजेत, नुसत्या पानांचा तुकडा जगत नाही. पानं निम्म्याने छाटली, बुडखा पूर्वीच्याच खोलीवर बसवला आणि वाढ धरेपर्यंत माती सुकू दिली नाही. लहान फुटवे त्याच वर्षी फुलत नाहीत. एकदा फोडलं की पुढची काही वर्षं त्या झाडाला हात लावायचा नाही, हेही पथ्य मी पाळणार आहे.

निफोफिया नॉर्थी ह्या प्रजातीला मात्र ही सोय नाही. मेरिअन नॉर्थ ह्या चित्रकर्तीचं नाव तिला मिळालं आहे. पानं रुंद, कणा नसलेली, कोरफड किंवा मक्याकडे झुकणारी, आणि एका खोडाला पानांचा एकच मोठा गुच्छ. बाजूला फुटवे बहुधा येतच नाहीत, म्हणजे वाढवायची तर बियांपासूनच. तिचं थोडं बी मला मिळालं. ते ओल्या वाळूत मिसळून फ्रीजमध्ये ठेवून झालं आहे आणि ट्रेमध्ये खडीचा थर देऊन पेरलंही आहे. ह्या रोपांना गवतातून ओळखायला पानाच्या कण्याची खूण चालणार नाही, तेव्हा ह्या खेपेला ट्रेवर बारीक जाळी लावली आहे, उडतं बी आत येऊ नये म्हणून.